कुणाचं डावं

आषाढातला गुरुवार होता. थिएटरच्या पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की मॉनिटरची टुकटुक ऐकू येईना, म्हणून भूलतज्ज्ञ मान वाकडी करून पडद्याकडेच बघत बसले होते. टेबलावर पासष्टीच्या आजी. पाठीत सुई देऊन कमरेखाली बधिर केलेल्या, वर मात्र टक्क जाग्या. मधूनच सिस्टरला विचारायच्या, ‘पाऊस वाडलो काय गे?’ मी स्टुलावर, दोन्ही बाजूंना एकेक मदतनीस. गर्भाशयाच्या डावीकडच्या बंधाला क्लॅम्प लावला, कट् कट् करत त्याचे दात बसले, कापलं, टाका घेतला, आणि उजवीकडे वळणार तेवढ्यात माझ्याकडे जूनपासून येऊ लागलेली, एम. एस. पुरं करून आलेली पोरगी म्हणाली, ‘मॅडम, तुम्ही नेहमी डावीकडूनच का सुरू करता?’

‘सर असंच करायचे,’ मी म्हटलं.

‘अच्छा,’ ती म्हणाली आणि जागा उघडी धरणारा रिट्रॅक्टर नीट धरला. बस, एवढंच. पण ते ‘अच्छा’ माझ्याबरोबर घरापर्यंत आलं. कुडाळहून मालवणकडे जाताना रस्ता दिसू नये इतका पाऊस, वायपर फटाफटा चाललेले, आणि माझ्या डोक्यात तेच. बावीस वर्षं मी हे, पोट न उघडता खालून गर्भाशयाची पिशवी काढायचं, ऑपरेशन करतेय. दुसऱ्या कुणी विचारलं असतं की मागचा भाग आधी का उघडता, अमुकच धागा का वापरता, तर मी अर्धा तास बोलले असते. या एका प्रश्नाला माझ्याकडे फक्त सर होते.

डावं म्हणजे माझं डावं, हे आधी सांगून टाकते. पेशंट समोर पाय वर बांधून निजलेली असते, त्यामुळे माझं डावं ते तिचं उजवं. केसपेपरवर लिहिताना पेशंटचं लिहायचं, टेबलावर बोलताना आपलं बोलायचं. या गोंधळापायी पहिल्या वर्षाला आम्ही सगळ्यांनी शिव्या खाल्लेल्या आहेत.

आजी माझ्याकडे आल्या तेव्हा स्टुलावर बसायलाच तयार नव्हत्या. उभ्यानेच, दाराकडे बघत, सून बाहेर गेल्याची खात्री करून घेऊन कुजबुजल्या, ‘अंग खाली येता.’ म्हणजे गर्भाशय खाली उतरतं. कधीपासून? ‘धाकलो झिल झालो तेवापासून.’ धाकटा मुलगा मुंबईला, त्याला स्वतःची दोन मुलं. म्हणजे एवढी सगळी वर्षं ही बाई कापडाचा बोळा लावून लावणीला वाकली, शेणाच्या पाट्या वाहिल्या, डोक्यावर हंडे घेऊन घाटी चढली, आणि कुणाला बोलली नाही. आमच्या भागात अशा बायका ओपीडीला महिन्यातून दोन-चार तरी येतात. बाळंतपणानंतर विसाव्या दिवशी चिखलात उतरलेल्या. नवरा गणपती-शिमग्याला घरी, बाकी वर्षभर घर, गुरं, शेत एकटीच्या अंगावर. आजींना भीती एकाच गोष्टीची होती. ‘पोट फाडूचा लागात काय?’ नाही, म्हटलं, खालूनच करायचं. पोटावर टाका येणार नाही. त्यावर त्यांचा चेहरा खुलला आणि लगेच पडलाही. टाकाच नाही, तर पिशवी काढली हे कशावरून?

हसू आलं खरं, पण हा संशय आजींचा एकटीचा नाही. ठरवून, शास्त्रशुद्धपणे खालून गर्भाशय काढण्याचा पहिला मान जर्मनीतल्या लांगेनबेक यांना देतात, साल १८१३. भूल नव्हती, हातमोजे नव्हते, आणि मदतनीस म्हणे गाऊटच्या सांधेदुखीने इतका बेजार की ऐन रक्तस्रावाच्या वेळी त्याला खुर्चीतून उठता येईना. शेवटी लांगेनबेक यांनी एका हाताने रक्तवाहिनी दाबून धरली आणि दुसऱ्या हाताने व दातांनी गाठ मारली. बाई वाचली. पण काढलेला नमुना हरवला, मदतनीस लवकरच वारला, आणि बाईच्या पोटावर खूण नाही. सहकारी काही विश्वास ठेवेनात. पुढे सव्वीस वर्षांनी ती बाई म्हातारपणाने गेली, शवविच्छेदन झालं, तेव्हा कुठे लोकांना पटलं. हा किस्सा मी विद्यार्थ्यांना दातांसाठी सांगते. मला स्वतःला त्यातलं दुसरंच काहीतरी टोचतं. एवढं मोठं ऑपरेशन झालं आणि करणाऱ्याशिवाय ते कुणी बघितलंच नाही.

आजही ते बघता येत नाहीच.

पोट उघडलं की चार डोकी आत डोकावतात. दुर्बिणीच्या ऑपरेशनात तर दारात उभ्या वॉर्डबॉयलाही पडद्यावर सगळं दिसतं. इथे जागा तळहाताएवढी आणि तिच्यासमोर बसलेला एकच माणूस. दोन्ही बाजूंचे मदतनीस पेशंटच्या वर बांधलेल्या मांड्यांवरून ओणवे होऊन रिट्रॅक्टर धरतात. त्यांना दिसते सरांची टोपी, सरांचं कोपर, आणि फार तर क्लॅम्पच्या मुठी. मुंबईत शिक्षण पुरं करून मी किनाऱ्यावरच्या एका जुन्या हॉस्पिटलात सरांच्या हाताखाली आले, तेव्हा पहिले सहा महिने मी हे ऑपरेशन कानांनीच शिकले. क्लॅम्पचे किती दात बसले, कात्री किती वेळा चालली, सरांचा श्वास कुठे थांबला. श्वास थांबला की समजायचं, मोठ्या धमनीपाशी आलो. युरेटर, म्हणजे मूत्रपिंडाकडून येणारी लघवीची नळी, तिच्याखालूनच जातो, दोन बोटांच्या आत. सर एरवी गप्पिष्ट, पण तिथे एक शब्द बोलायचे नाहीत. पेडिकल, म्हणजे क्लॅम्पमध्ये धरलेला रक्तवाहिन्यांचा जुडगा, बांधून झालं की मग ‘हं’ म्हणायचे आणि अर्धवट राहिलेली गोष्ट, बहुतेक मासळीच्या भावाची, तिथूनच पुढे सुरू करायचे.

एक दिवस त्यांनी क्लॅम्प बाजूला ठेवला. म्हणाले, ‘ये, बोट घाल. डोळे मिट. दोन पापुद्रे एकमेकांवरून घसरतात ते लागतंय?’ मला काही लागेना. लघवीची पिशवी आणि गर्भाशय यांच्यामधला तो पातळ पडदा सापडला की पुढचं दार उघडतं, नाही सापडला आणि घाईने कात्री चालवली तर थेट लघवीच्या पिशवीत. मी नुसतीच ‘हो सर’ म्हटलं. ते त्यांना कळलं. ‘घरी बिरडं कोण सोलतं?’ ‘आई.’ ‘मग आज तिला सांग, मी सोलते म्हणून.’ त्या रात्री मी मोड आलेले कडवे वाल घेऊन बसले. भिजलेला वाल चिमटीत धरून हलकेच दाबला की डाळिंबी सुळकन निसटते आणि साल बोटांत राहतं. पण मी निसटूच दिली नाही. निसटायच्या आधी साल आणि डाळिंबी जी एकमेकांवरून किंचित सरकतात, तेवढंच पुन्हा पुन्हा करून बघत राहिले. आईला वाटलं, दमलेय. पुढच्या केसला डोळे मिटले आणि लागलं. अगदी तेच. ‘लागलं,’ म्हटलं तर सर म्हणाले, ‘आता हात काढ, मला काम आहे.’

आता एवढं सगळं बोटांतून बोटांत गेलेलं असेल, तर पद्धतींची तुलना करायची कशी? आमच्या बैठकांत जेवणाच्या वेळी सुरमईच्या तुकडीवर हाच वाद रंगतो. तुम्ही आधी अँटेरियर, म्हणजे पुढचं दार उघडता की पोस्टेरियर, म्हणजे मागचं? शिकागोच्या हीनी यांनी १९३४ साली आपल्या ५६५ ऑपरेशनांचा हिशेब छापला, त्यांच्या नावाचा वाकडा क्लॅम्प आणि दुहेरी टाका अजून आमच्या ट्रेमध्ये आहे. बरेच जण स्वतःला हीनीच्या घराण्यातलेच म्हणवतात. अंग बाहेर आलेल्या बाईला मेयो-वॉर्ड पद्धत, पिशवी काढून लगेच पुढच्या-मागच्या भिंतींची डागडुजी. कुणी पिशवीचा माथा पुढच्या दारातून आधी बाहेर काढतो आणि वरून खाली येतो, ती डोडरलाइनची चाल. गोळा मोठा असेल तर आतच दोन फाका करून काढायच्या. मुंबईच्या डॉ. शिरीष शेठ यांनी आधी सिझेरियन झालेल्या बायकांसाठी बाजूची वाट दाखवून दिली. ओडिशातल्या बारगढसारख्या ठिकाणी बसून डॉ. पुरोहित यांनी काटकोनी चिमट्याची आपली पद्धत बसवली आणि २००३ साली ती इंग्लंडच्या नियतकालिकात छापून आली. याचं मला फार अप्रूप. जगाच्या कोपऱ्यातल्या गावाहूनही पद्धत निघू शकते. आणि आमच्या मातीतले म्हणून शिरोडकरांचं नाव निघाल्याशिवाय आमचं जेवण संपत नाही. गोव्यातल्या शिरोड्याचे ते. आमच्या वेंगुर्ल्याजवळच्या शिरोड्याचे नव्हेत, हे दर वेळी कुणीतरी कुणाला तरी सांगतंच. १९५५ च्या त्यांच्या गर्भाशयमुखाच्या टाक्याने जगभर नाव झालं, पण तरुण बाईचं अंग खाली आलं तर पिशवी काढण्याऐवजी आतून दोरीने बांधून वर उचलायची, ही त्यांची युक्ती मला जास्त मोठी वाटते. काढायची नाही, हीसुद्धा एक पद्धतच की.

तुलनेच्या तक्त्यांत एक रकाना कधीच दिसत नाही. काढायची गरज होती का? २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या सर्रास काढल्याच्या बातम्या आल्या तेव्हा आम्ही सगळ्यांनी मान खाली घालून वाचल्या, आणि पुढच्या बैठकीत पुन्हा धाग्यांवर बोललो.

आकडे आहेतच. २००४ च्या इंग्लंड-दक्षिण आफ्रिकेतल्या मोठ्या चाचणीत दुर्बिणीने सरासरी ७२ मिनिटं लागली, खालून ३९. जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेनच्या २०१५ च्या आढाव्यात ४७ चाचण्या आणि ५१०२ बायका तपासून निष्कर्ष तोच, जमत असेल तिथे खालून करा. पण हे झालं मोठ्या वाटांचं. खालून करणाऱ्या दोघांची तुलना करायला गेलं की सगळं विरघळतं. धाग्याने बांधायचं की यंत्राने भाजून चिकटवायचं, यावर चाचण्या झाल्या. यंत्राने वेळ थोडा कमी, दुखणं थोडं कमी. पण ज्याचा हात वीस वर्षं धाग्यावर बसलाय त्याला यंत्र दिलं तर तो तक्ता त्या यंत्राचा की त्याच्या अवघडलेपणाचा? वर प्रत्येक बाईचे बंध वेगळे. आजींचे इतके सैल की पिशवी हातात आल्यासारखी, आणि जिला सिझेरियनच झालेली आहेत तिची पिशवी जिथल्या तिथे घट्ट. माझ्याकडे ते यंत्र आहे. पण पावसाळ्यात वीज गेली आणि जनरेटरने घोळ घातला तर कपाळावरच्या टॉर्चवर धाग्यानेच पुरं करावं लागतं. दोनदा केलंय. रक्त लागलं तर गाडी ओरोसला पाठवायची. या दोन गोष्टी कुठल्याच चाचणीत मोजलेल्या नाहीत आणि माझे निम्मे निर्णय त्यांच्यावर ठरतात.

सगळं शिकून सवरून एकदा मी घाण केलीच. स्वतःचं सुरू करून सातवं वर्ष. दोन सिझेरियन झालेली बाई, आणि मी सवयीने मधोमध, पूर्वीच्या टाक्याच्या वणावर, पडदा शोधत बसले. बिरडं काही लागेना. लागत नाही म्हणजे थांबायचं, हे सरांनी हजारदा सांगितलेलं. मी कात्री चालवली. पाण्यासारखं काहीतरी बोटांवर आलं, गरम. रक्त गरम लागतं तसं नाही, वेगळं. आतून कॅथेटरचा पिवळा फुगा दिसला तेव्हा माझ्या कानांत दडे बसले. दोन थरांत शिवलं, निळं औषध भरून गळती नाही ना बघितलं, चौदा दिवस कॅथेटर ठेवला. बाई बरी झाली, पुढच्या वर्षी हापूसची पेटीही घेऊन आली. ती पेटी मला उघडवेना, सिस्टरांना वाटून टाकली. त्यानंतर मी मधली वाट सोडून बाजूने जायला शिकले, पुस्तक समोर ठेवून. म्हणजे माझ्या हातात सरांचं जे होतं त्यावर तेवढं एक ठिगळ मी स्वतः लावलं. बाकी सगळं तसंच.

तर मुद्दा डाव्याचा. त्या गुरुवारनंतर आठवडाभर मी विचार करत होते, आणि एका पहाटे उत्तर सापडलं. खिडकी! त्या जुन्या हॉस्पिटलच्या थिएटरला डाव्या हाताला मोठी खिडकी होती, समुद्राच्या बाजूची. वीज जायची रोजचीच. दिवा गेला की सगळा उजेड डावीकडून. मग सर आधी उजेडातली बाजू उरकून घेणार, हे उघड आहे. दुपारनंतर तर त्या काचेतून इतकं लख्ख यायचं की सिस्टर हिरवी चादर लावायच्या. म्हणजे मी बावीस वर्षं, पाच दिव्यांच्या छत्रीखाली, एका पाडून टाकलेल्या इमारतीच्या खिडकीच्या उजेडात ऑपरेशन करत होते. मला हे इतकं आवडलं की पोरीला सांगितलं, भूलतज्ज्ञांना सांगितलं, बैठकीत जेवताना सांगितलं. सगळे हसले. एक ज्येष्ठ डॉक्टर म्हणाले, ‘लिहून काढा हे.’

दरम्यान पोरगी माझ्या देखरेखीखाली करू लागली होती. ती उजवीकडून सुरू करते. तिच्या मॅडम तसं करायच्या. मी एकदा तिच्यासारखं करून बघितलं. उजवीकडे हात घातला आणि सिस्टरने सवयीने माझ्या तळव्यात डावीकडे चालणारा क्लॅम्प ठेवला. त्याचं वळण उलटं. तो परत दिला. मग मदतनीस चुकीच्या बाजूला ओढू लागला. मग मी कुठे होते तेच विसरले. स्वतःच्या स्वयंपाकघरात मिठाचा डबा सापडू नये तसं झालं. तिसऱ्या पेडिकलला मी गुपचूप डावीकडे आले.

गणपती उरकल्यावर सरांना भेटायला गेले. ते आता वेंगुर्ल्याच्या अलीकडे खाडीकाठी राहतात, वय एक्याऐंशी, कान थोडे गेलेत, हात अजून स्थिर. काकू त्याच हॉस्पिटलात थिएटरच्या सिस्टर होत्या. ओटीवर बसून चहा घेताना मी मोठ्या हौसेने खिडकीची गोष्ट सांगितली.

‘खिडकी?’ सर म्हणाले. ‘डावीकडे कुठली खिडकी?’

त्यांनी सांडलेल्या चहात बोट बुडवून टिपॉयवर नकाशा काढला. हे टेबल, हे दार, हा ऑटोक्लेव्ह. डावीकडे भिंत. खिडकी पाठीमागे.

‘पाठीमागे असती तर तुमची सावली पडली असती, सर.’

‘पडायचीच. म्हणून तर मी वाकून बसायचो. कंबर कशाने गेली असं वाटतं तुला?’

‘कसली खिडकी,’ काकू आतून म्हणाल्या. ‘वरती जाळी होती. चिमण्या यायच्या म्हणून मीच पुठ्ठा मारून घेतला होता.’

मी चहाचा नकाशा वाळताना बघत राहिले. हिरवी चादर माझ्या डोळ्यांसमोर स्पष्ट होती, तिचा एक कोपरा उसवलेला होता हेसुद्धा. ‘मग तुम्ही डावीकडून का सुरू करायचात?’ मी विचारलं.

‘आमचे बॉस करायचे तसं.’

‘ते का करायचे?’

‘त्यांना विचारायची कुणाची छाती होती!’ सर हसले. मग थांबले. कपाळाला आठी पडली. ‘पण डावं म्हणजे कुणाचं म्हणतेस तू? मी पेशंटच्या डावीकडून करायचो. म्हणजे आपल्या उजवीकडून. तू उभी असायचीस मांडीवर ओणवी होऊन, तुला काय दिसणार तिथून. उलटं शिकलीस की काय गं?’

माझ्या पोटात खड्डा पडला. ओणवी उभी राहून बघितलेली कोपरं आठवून बघितली. कुठलं कोपर हललं होतं आधी? सर आठवत होते, मी आठवत होते, काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. खाडीत भरती लागलेली, माडाच्या बुंध्याशी पाणी डुबुक डुबुक वाजत होतं.

‘थांब,’ सर म्हणाले. कप खाली ठेवला. डोळे मिटले. दोन्ही हात हवेत, मांड्यांच्या उंचीवर, समोर धरले. एका हाताने काहीतरी पकडून खाली ओढून धरलं, ते वजनही दिसलं मला. श्वास थांबला. दुसऱ्या हाताची बोटं क्लॅम्पच्या मुठीत शिरल्यासारखी वाकली आणि सरळ त्यांच्या डाव्या बाजूला गेली. बसली. मग उजव्या.

‘हं,’ ते म्हणाले आणि डोळे उघडले. ‘बघितलंस? आपल्या उजवीकडूनच.’

मी काकूंकडे बघितलं. त्या कप गोळा करत होत्या.